पडदा जुळला, आता हवा कुठून येणार?

त्र्यंबकेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटर उंचावर आहे. तिथून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाच्या कानाला कसारा घाट उतरताना दडे बसतात. खाली येईल तसा बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि पडदा आत दाबला जातो. आवंढा गिळला, जांभई दिली, की ‘टक्’ होऊन कान मोकळा होतो. त्या क्षणी नाकामागून पडद्याआडच्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात, जाणारी युस्टेशियन नलिका उघडलेली असते.

मोठ्या माणसात ही नलिका जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांबीची असते. एरवी ती मिटलेलीच असते. गिळताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि तेवढ्यात ताजी हवा आत शिरते. ही ये-जा सतत चालू राहावी लागते, कारण मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा हळूहळू शोषून घेत असतं. पुरवठा थांबला तर आत दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो, पाणी साचतं.

लहान मुलांची नलिका आखूड आणि आडवी असते. त्र्यंबकसारख्या धो-धो पावसाच्या गावात सर्दी वारंवार होते, ती नाकातून सहज कानापर्यंत पोचते. मग कान फुटतो, वाहतो. हे वर्षानुवर्षं चाललं तर पडद्याला कायमचं भोक पडतं आणि ऐकू कमी येऊ लागतं.

भोक बुजवण्याची शस्त्रक्रिया आता सर्रास होते. कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवतात. तो आत कोसळू नये म्हणून खाली जेलफोम नावाच्या विरघळणाऱ्या स्पंजचे तुकडे भरतात. पहिले काही आठवडे कान गच्च वाटतो, फारसं ऐकू येत नाही. पेशंट घाबरतात, ‘ऑपरेशन फसलं’ म्हणतात. बहुतेक वेळा तसं काही नसतं. स्पंज विरघळायला वेळ लागतो, इतकंच.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. स्पंज गेला की ती जागा हवेने भरायला हवी. नलिका सुजलेली असेल तर नवा पडदा आत खेचला जातो, कधी मध्यकर्णाच्या भिंतीलाच चिकटतो. खोल गेलेल्या खळग्यात मेलेली त्वचा साचत राहिली, तर हाड कुरतडणारा कोलेस्टिॲटोमा होऊ शकतो. म्हणून चांगला सर्जन ऑपरेशनआधीच नाकात डोकावतो. ॲलर्जी, सायनस, मुलांमधले वाढलेले ॲडेनॉइड यांकडे दुर्लक्ष करून नुसता पडदा जोडणं हे अर्धंच काम आहे. ऑपरेशनमध्येही अस्तराचा निरोगी भाग जपला जातो. चिकटण्याची भीती असेल तर सिलिकॉनचा पातळ पत्रा ठेवतात, आणि काही कानांत हवेसाठी ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवावी लागते.

पेशंटच्या वाट्याला येतो तो संयम. सुरुवातीचे काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. त्र्यंबकसारख्या तीर्थक्षेत्री आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात: शंख फुंकायचा नाही आणि भस्त्रिकेसारखा जोराचा प्राणायाम थांबवायचा. हवेचा झोत नलिकेतून वर चढला तर कच्चा पडदा जागचा हलू शकतो.

पुढे मात्र तीच हवा औषध होते. डॉक्टरांनी परवानगी दिली, की नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा कानाकडे ढकलायची. ही युक्ती इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अँटोनिओ वाल्साल्वा यांनी 1704 च्या ग्रंथात दिली, तीही कानातला पू बाहेर काढण्यासाठी. व्हिएन्नाच्या ॲडम पोलित्झर यांनी 1863 मध्ये नाकपुडीतून हवा सोडणारा रबरी फुगा आणला. रुग्णाने घोट गिळताच तो दाबायचा. कानात पाणी साचलेल्या मुलांना नाकाने फुगा फुगवायला लावण्याचा उपाय ब्रिटनमध्ये 320 मुलांवर तपासला गेला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फुगा फुगवणाऱ्या अधिक मुलांचे कान मोकळे झालेले आढळले. त्या मुलांच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, हे लक्षात ठेवावं. पण तत्त्व एकच आहे. सर्दी झालेली असताना यातलं काहीही करायचं नाही, कारण नाकातला जंतुसंसर्ग थेट कानात जाऊ शकतो.

2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात डुबकी मारायला लाखो लोक येतील. ज्यांच्या कानाच्या पडद्याला भोक आहे किंवा ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, त्यांनी डोकं बुडवू नये. तीर्थ अंगावर शिंपडून घ्यावं. डोक्यावरून आंघोळ करताना कानात व्हॅसलिन लावलेला कापूस ठेवावा.

आणि ऑपरेशननंतरच्या तपासण्या चुकवू नका. पडदा जुळल्याचं कळलं की गावाकडचे पेशंट परत फिरकत नाहीत, पण तो आत ओढला जाऊ लागला आहे का, हे पुढच्या काही महिन्यांत तपासल्याशिवाय कळत नाही. कान पुन्हा गच्च झाला, वाहू लागला किंवा ऐकू कमी आलं, तर घरी तेल न घालता लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.