शिंदे घाटावरचा शाप, भुते आणि गंगेचा गाळ

वाराणसीत मणिकर्णिका घाटाच्या उत्तरेला लागूनच शिंदे घाट आहे. हिंदीभाषक त्याला सिंधिया घाट म्हणतात. वर शिंद्यांच्या बांधकामाचे भक्कम गोल बुरूज, मधे रुंद पायऱ्या आणि तळाशी, अगदी पाण्याच्या कडेला, एका अंगाला कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ. दक्षिणेकडे काही पावलांवर मणिकर्णिकेच्या चिता रात्रंदिवस जळत असतात. किल्ल्यासारखी दिसणारी इमारत, कललेले देऊळ आणि शेजारी स्मशान एवढा ऐवज एकाच जागी असल्यावर भुताखेतांच्या आणि शापांच्या गोष्टी जमल्या नसत्या तरच नवल. त्यांतल्या बहुतेक गोष्टी सनावळीशी ताडून पाहिल्या की टिकत नाहीत. शिवाय त्यांच्या गर्दीत हे घाट बांधणाऱ्या माणसांची नावे मागे पडली आहेत, आणि त्या माणसांत मराठी नावे बरीच आहेत.

पहिला समज असा की हे सारे मध्ययुगीन, किंबहुना त्याहूनही प्राचीन आहे. तीर्थ म्हणून काशी फार जुनी आहे यात शंका नाही. शिंदे घाटाच्या जागेलाही पूर्वीपासून वीरेश्वराचे माहात्म्य आहे. घाटामागच्या गल्लीत आत्मवीरेश्वराचे देऊळ आहे आणि अग्नीचा जन्म याच परिसरात झाला असे स्थानिक परंपरा सांगते. पण तीर्थाचे वय वेगळे आणि दगडी बांधकामाचे वय वेगळे. आज दिसणारे पक्के घाट मुख्यत्वे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले आहेत, आणि त्यांत मराठी सत्ताधाऱ्यांचा पैसा मोठ्या प्रमाणात ओतला गेला आहे. विश्वेश्वराचे देऊळ आणि मणिकर्णिका घाट यांच्या उभारणीत अहिल्याबाई होळकरांचा वाटा आहे, दशाश्वमेध घाटाच्या इतिहासात पेशव्यांचे नाव येते, थोडे पुढे उत्तरेला नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. यांच्या मानाने जुनी म्हणावी अशी वास्तू म्हणजे मानमंदिर. आमेरच्या राजा मानसिंहाने ते १६०० च्या सुमारास बांधले.

शिंदे घाट १८३० च्या सुमाराचा, बायजाबाई शिंदे यांनी बांधवलेला. बायजाबाई कागलच्या घाटगे घराण्यातल्या, सर्जेराव घाटग्यांची मुलगी आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी. १८२७ मध्ये दौलतराव वारले तेव्हा गादीला औरस वारस नव्हता. दत्तक घेतलेल्या जनकोजीच्या नावाने बायजाबाईंनी १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार चालवला आणि त्या वर्षी त्यांना राज्य सोडावे लागले. घाट बांधला गेला तो याच सहा वर्षांत. ज्ञानवापी विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांनी १८२८ मध्ये उभारला. काशीशी त्यांचा संबंध केवळ भाविकाचा नव्हता. तिथे त्यांची सावकारी पेढीही होती. दारात कोणी दानासाठी हात पसरावा आणि आपण पैसे काढून द्यावे, अशी ही रीत नव्हती. राज्य आणि हिशेब दोन्ही सांभाळणाऱ्या बाईने विचारपूर्वक केलेली ही गुंतवणूक होती.

घाटाच्या श्रेयाबाबत एक चूक पर्यटकांसाठीच्या मजकुरात पुन्हा पुन्हा आढळते. दौलतराव शिंद्यांनी १९३७ मध्ये घाट दुरुस्त केला, असे तिथे लिहिलेले असते. १८२७ साली वारलेले दौलतराव एकशेदहा वर्षांनी गवंडी बोलावतील, तर मग भुतांच्या गोष्टीही खऱ्याच मानाव्या लागतील. १९३७ मध्ये ग्वाल्हेरच्या गादीवर जिवाजीराव शिंदे होते. विसाव्या शतकातले काम ग्वाल्हेर संस्थानाचे आणि मूळ बांधणी बायजाबाईंची, असे म्हटले की गोंधळ मिटतो. कर्तबगार बाईचे काम तिच्या नवऱ्याच्या नावावर चढणे हा आपल्या इतिहासलेखनाचा जुनाच दोष आहे.

आता शापाकडे वळायचे. रत्नेश्वराच्या देवळाबद्दल मुख्यतः दोन कथा सांगितल्या जातात. पहिलीत राजा मानसिंहाचा एक सेवक आपली आई रत्नाबाई हिच्यासाठी देऊळ बांधतो आणि आईचे ऋण फेडले म्हणून फुशारकी मारतो. मातेचे ऋण फिटत नसते, म्हणून देऊळ त्या क्षणी कलते. ‘मातृऋण महादेव’ हे नाव या कथेतून आले. दुसरीत रत्नाबाई ही अहिल्याबाईंची दासी. ती अहिल्याबाईंकडून पैसे घेऊन देऊळ बांधते, त्याला स्वतःचे नाव देते, आणि अहिल्याबाई रागावून शाप देतात.

दोन्ही कथांची अडचण कालगणनेची आहे. मानसिंह १६१४ मध्ये वारला, अहिल्याबाई १७९५ मध्ये. अभ्यासक हे देऊळ एकोणिसाव्या शतकातले मानतात. १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टाकसाळीत नेमणुकीवर असलेल्या जेम्स प्रिन्सेपने शहराची जी चित्रे काढली, त्यांत ते दिसते. त्यापुढचा पुरावा अधिक बोलका आहे. १८६० च्या दशकातल्या छायाचित्रांत हे देऊळ कललेले दिसत नाही. म्हणजे शाप खरा मानला तरी तो सुटल्यावर निदान साठ-सत्तर वर्षे वाट पाहून लागू झाला, असे म्हणावे लागेल. दासीने बांधलेल्या देवळाला तिचे नाव लागले म्हणून अहिल्याबाई संतापल्या, हेही त्यांच्या ज्ञात वर्तनाशी जुळत नाही. त्यांनी गावोगावी देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि देवळांना बहुधा देवाचीच नावे राहू दिली.

देऊळ कलण्याचे कारण पायाखालच्या मातीत आहे. वाराणसीजवळ गंगा चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि शहर त्या वळणाच्या बाहेरच्या, उंच काठावर वसले आहे. नदीच्या वळणात बाहेरच्या काठावर प्रवाहाचा मारा जास्त असतो. हा काठ चिकणमाती, गाळ आणि चुनखडीच्या खड्यांचा बनलेला आहे, खडकाचा नव्हे. त्यात पाण्याच्या पातळीत वर्षाकाठी पडणारा फरक अफाट. शहरात धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात तेच पाणी याच्या कित्येक मीटर खाली उतरलेले असते. पूर असताना काठाची माती पाण्याने भरते आणि पूर वेगाने ओसरला की आत अडकलेले पाणी नदीकडे धावते, जाताना बारीक माती ओढून नेते. वर मणामणाचे दगड रचलेले असले की पाया एका बाजूने खचतो. नदीकाठच्या मातीत ही अगदी साधी गोष्ट आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला देवळाचा नसून खुद्द घाटाचा आहे. बायजाबाईंनी बांधवलेला घाट स्वतःच्याच वजनाने एकोणिसाव्या शतकातच खचला आणि त्याला मोठ्या भेगा पडल्या. विसाव्या शतकातली दुरुस्ती त्यामुळेच करावी लागली. शेजारच्या इतक्या मोठ्या बांधकामाखालची जमीन धसली असताना एका छोट्या देवळाच्या कलण्यासाठी शापाची गरज उरत नाही. इटलीतला पिसाचा मनोराही असाच मऊ मातीने कलला. त्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले आणि बांधकाम चालू असतानाच तो झुकू लागला.

पिसाशी तुलना आली की हटकून दोन आकडे पुढे येतात. रत्नेश्वराचा कल सुमारे नऊ अंशांचा आहे, हा आकडा सर्वसाधारणपणे मान्य आहे. पिसाचा मनोरा दुरुस्तीनंतर आता सुमारे चार अंशांवर आहे, तेव्हा काशीचे देऊळ पिसापेक्षा जास्त कलले आहे हे बरोबर. पण देवळाची उंची ७४ मीटर असल्याचे जे छापले जाते, ती शुद्ध थाप आहे. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर आहे. रत्नेश्वर त्याहून उंच असते तर घाटावरच्या साऱ्या हवेल्या त्याच्यापुढे खुज्या दिसल्या असत्या. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या तळाशी उभ्या या देवळाचे शिखर मागच्या इमारतींच्या उंचीतच मावते.

कल नेमका किती हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर पाणी अर्ध्यावर असतानाचा काळ बरा. मंडपात शिरलेल्या पाण्याची पातळी अर्थातच आडवी असते आणि खांब तिरपे असतात. त्यामुळे एका टोकाचा खांब जवळजवळ पूर्ण बुडालेला आणि दुसऱ्या टोकाचा बराच उघडा दिसतो. पुढे पाणी उतरते तेव्हा गाभाऱ्यात गाळ साचलेला असतो आणि तो उपसल्याशिवाय आत जाता येत नाही. इथे पूजा होत नाही कारण देऊळ शापित आहे, असे सांगणारे या गाळाचा उल्लेख करत नाहीत. वर्षातले कित्येक महिने गाभारा पाण्याखाली असतो, म्हणून नित्यपूजा चालत नाही. प्रिन्सेपच्या काळात तर पुजारी बुडी मारून आत जात आणि पूजा करत, अशी त्याची नोंद आहे. शापाला घाबरणारा पुजारी एवढे कष्ट कशाला घेईल?

आणखी एक गल्लत नावाची आहे. रत्नेश्वराला अनेक जण ‘काशी करवट’ म्हणतात, कारण हिंदीत करवट म्हणजे कूस आणि देऊळ कुशीवर वळल्यासारखे दिसते. मराठी माणसाला मात्र काशीची करवत आठवते आणि त्याला वाटते, मोक्षासाठी करवतीखाली देह ठेवणारे लोक याच देवळात येत. त्या कथांशी जोडलेले काशी करवत हे देऊळ वेगळे. ते घाटावर नसून विश्वनाथाजवळच्या गल्ल्यांत आहे. करवतीच्या कथांमधले रक्त रत्नेश्वरावर शिंपडण्यात काही अर्थ नाही.

भुतांचा प्रश्न याहून मजेशीर आहे, कारण काशीच्या स्वतःच्या श्रद्धेतच भुतांना फारशी जागा नाही. काशीत मरणाऱ्याच्या कानात शिव तारकमंत्र सांगतो आणि तो जीव मुक्त होतो, अशी समजूत आहे. इथे यमाचा अंमल चालत नाही, कोतवाल काळभैरव आहे. काशीत राहून पाप करणाऱ्याला भैरवी यातना भोगाव्या लागतात आणि त्या संदर्भात रुद्रपिशाचाचा उल्लेख येतो, पण त्यालाही शेवटी मुक्तीच मिळते. म्हणजे मणिकर्णिकेवर जळलेला माणूस शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर भटकत राहतो असे मानायचे, तर आधी काशीचे माहात्म्यच खोटे ठरवावे लागते. मुंजा आणि समंध यांच्या गोष्टी कोकणातल्या पिंपळापाशी शोभतात, मणिकर्णिकेला त्या परक्या आहेत. इथे स्मशान गावाबाहेर नाही, गावाच्या ऐन काठावर आहे. शेजारी लोक राहतात, लाकडाच्या वखारी चालतात, डोम समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या अग्नीची व्यवस्था पाहतात.

काशीत भुतांसाठी ठरवून दिलेली एक जागा मात्र आहे, आणि ती नदीपासून दूर, शहरात आहे. तिचे नाव पिशाचमोचन कुंड. अकाली किंवा अपघाती मरण आलेल्यांसाठी तिथे त्रिपिंडी श्राद्ध करतात. त्र्यंबकेश्वरी हाच विधी करणाऱ्या मराठी कुटुंबांना तो ओळखीचा आहे. कुंडाकाठच्या पिंपळाच्या खोडात खिळे आणि नाणी ठोकलेली दिसतात. पीडा देणाऱ्या आत्म्याला तिथे जखडून ठेवायचे, अशी त्यामागची कल्पना. शिंदे घाटावर असे काही चालत नाही.

उरला किल्ल्याचा समज. शिंदे घाटावरचे बुरूज पाहून हा जुना गड असावा आणि त्याचे हॉटेल झाले असावे, असे नवख्याला वाटते. हे बुरूज लढाईसाठी नाहीत. वरच्या जमिनीचा भार अडवणे आणि पुराच्या पाण्याला सपाट भिंतीऐवजी गोलाई दाखवणे, हे त्यांचे काम. हॉटेल झालेला ‘किल्ला’ दक्षिणेला दरभंगा घाटावर आहे, आणि तोही मुळात किल्ला नाही. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांनी १८१२ मध्ये ती हवेली बांधली. तेव्हा नागपुरात दुसरे रघूजी भोसले राज्य करत होते. १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी, रामेश्वर सिंह यांनी, ती विकत घेतली आणि घाटाच्या त्या भागाला दरभंगा हे नाव पडले; काही भाग आजही मुनशी घाट म्हणूनच ओळखला जातो. लांबलेल्या दुरुस्तीनंतर अलीकडे तिथे ब्रिजरामा पॅलेस हे हॉटेल चालते.

जुन्या वास्तूचे हॉटेल झाले की भूत आपोआप येते, असा पर्यटन व्यवसायात जणू नियमच झाला आहे. कोट्याच्या ब्रिजराज भवनात तरी त्याला घटनेचा आधार आहे. १८५७ मध्ये मेजर चार्ल्स बर्टन आणि त्याचे दोन मुलगे तिथे मारले गेले, आणि पहाऱ्यावर झोपणाऱ्याच्या थोबाडीत मारणारे भूत त्याचेच, असे सांगतात. पुण्यात शनिवारवाड्याच्या गोष्टीमागे ३० ऑगस्ट १७७३ चा पेशवे नारायणरावांचा खून आहे. मात्र १८२८ च्या आगीत वाडा भस्मसात झाला, त्यामुळे ज्या दालनांत हाका ऐकू येतात म्हणतात ती दालनेच आज नाहीत. बनारसच्या काठावर रक्तपाताचा खरा इतिहास हवा असेल तर तो शिवाला येथे चेतसिंहाच्या वाड्यात मिळतो. ऑगस्ट १७८१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने बनारसचा राजा चेतसिंह याला तिथे नजरकैदेत ठेवले, चकमकीत इंग्रजांचे शिपाई आणि अधिकारी कापले गेले, आणि राजा पगड्यांचा दोर करून खिडकीतून गंगेवर उतरला व निसटला. शिंदे घाटाच्या वाट्याला असा प्रसंग आलेला नाही.