संगणकावरील खोट्या सूचना

काळी नदीच्या खोऱ्यातील जंगलव्याप्त जोयडा तालुक्यात संगणक दुरुस्त करणारा सहजासहजी मिळत नाही. अशा वेळी ‘संगणकात व्हायरस शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी सूचना पडद्यावर वारंवार झळकली, की मन धास्तावते. वस्तुतः ही सूचना हाच सापळा असतो. त्या क्रमांकावर दूरध्वनी करू नये.

पुष्कळदा एखाद्या संकेतस्थळाला नकळत अनुमती दिल्याने अशा सूचना येत राहतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मधून ती काढून घ्यावी, अनोळखी प्रोग्रॅम काढून टाकावेत आणि विंडोजमधील डिफेंडरने संपूर्ण तपासणी करावी. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने विनामूल्य आहेत. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.