पॅकेज पुण्याचं की संध्याकाळ नाशिकची?

‘पुण्यात ये यार, पॅकेज दुप्पट!’ मित्राचा हा डायलॉग दर शुक्रवारी ठरलेला. मी मात्र इंदिरानगरात ठाण मांडून आहे. अंबडचं ऑफिस सुटलं, की बोगद्यापाशी ट्रॅफिकनं डोकं फिरतं खरं. तरी जॉगिंग ट्रॅकवर दोन राउंड मारून रियाजाला तासभर उरतोच.

हो, रियाज! गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी याच शहरात आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव, गायक दत्तात्रेय पलुस्कर, यांचा जन्मही १९२१मध्ये इथलाच. मिरवणुकीतल्या नाशिक ढोलाची तर ओळखच करून द्यायला नको! २००८मध्ये सुलाफेस्ट सुरू झाला आणि द्राक्षमळ्यात गिटारही घुमली.

रविवारी मात्र मिसळ मस्ट! मटकी, झणझणीत रस्सा, पाव, पापड, दही. नाकातोंडातून पाणी आलं, की वर गरमागरम जिलबी.

ईएमआयच्या तारखेला पुण्याची ऑफर हमखास आठवते. पण रोजचे दोन तास सिग्नलवर गेले, तर तानपुरा जुळवायचा कधी? तुम्हीही मांडा हा हिशेब. पगाराच्या आकड्यासमोर महिन्याकाठी हातात उरणाऱ्या संध्याकाळी लिहा, मग ठरवा!