दोन ग्राफिक्स कार्डं आणि काळी स्क्रीन

मे महिन्यात नंदुरबार-शहाद्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नसराईही तेव्हाच जोरात असते. व्हिडिओ एडिट करणाऱ्याचं दोन ग्राफिक्स कार्डांचं मशीन नेमकं तेव्हा सुरू होईना, तर घाईनं विंडोज पुन्हा टाकू नका. पंखे फिरतात, पण कंपनीचा लोगोही दिसत नाही, म्हणजे बिघाड बहुधा विंडोजच्या आधीचा आहे.

मॉनिटरची केबल कुठल्या कार्डाला आहे ते बघा. सुरुवातीचं चित्र बहुतेकदा वरच्या स्लॉटमधल्या कार्डावरच येतं. मग प्लग काढा, दोन्ही कार्डं उतरवा, त्यांच्या सोनेरी पट्ट्यांवरची धूळ कोरड्या मऊ कापडानं अलगद पुसा. आता वरच्या स्लॉटमध्ये एकेक कार्ड आळीपाळीनं लावून पाहा. एकच अडलं तर दोष त्या कार्डाचा. दोन्ही अडली तर संशय स्लॉटवर किंवा पॉवर सप्लायवर.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, 8 पिनांच्या केबलमधून 150. एकाच केबलला फाटा काढून दोन्ही कार्डं चालवणं मला धोक्याचं वाटतं. स्वतंत्र केबल द्याच.

एकेकटी चालतात, पण जोडीनं अडतात? बायोसमध्ये ‘अबव्ह फोर जी डीकोडिंग’ चालू करून पाहा. कार्डांच्या मेमरीला पुरेसे पत्ते मिळाले नाहीत की मशीन तिथंच थबकतं.