कुट्टकाची किल्ली

गडावरची रसद संपत आली आहे आणि तसा निरोप खाली धाडायचा आहे, असं धरू. जासूद वाटेत पकडला गेला तरी बिंग फुटू नये, म्हणून चिठ्ठीत ‘रसद’ऐवजी ‘गलय’ लिहिलं. हा ‘गलय’ मनाला येईल तसा लिहिलेला नाही. तो भागाकारातून आला आहे.

‘क’पासून ‘ळ’पर्यंतची ३४ व्यंजनं ओळीनं मांडा. क म्हणजे ०, ख म्हणजे १, असं करत ळ म्हणजे ३३. आता अक्षराच्या आकड्याला ५ने गुणा, ८ मिळवा, ३४ने भागा आणि फक्त बाकी ठेवा. र म्हणजे २६; २६ × ५ + ८ = १३८, बाकी २, म्हणजे ग. स (३१) असाच २७वर, म्हणजे ‘ल’वर जातो आणि द (१७) २५वर, म्हणजे ‘य’वर. ५ आणि ८ ही या कुलपाची किल्ली.

रोमच्या जूलियस सीझरची रीत याहून साधी होती. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवायचं, असं त्याचा चरित्रकार सुएटोनिअस सांगतो. तिथं नुसती बेरीज आहे. आपल्या वर्णमालेत अशा सरकवण्याच्या तऱ्हा फक्त ३३; एका बैठकीत सगळ्या तपासून होतील. गुणाकार आला की किल्ल्या वाढतात, पण कोणताही गुणक चालत नाही. २ने गुणलं तर क (०) आणि द (१७) दोघांचीही बाकी ० येते. मग वाचणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून ३४शी सहमूळ असलेलाच, म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेलाच, गुणक हवा. असे गुणक १६, आणि प्रत्येकाबरोबर मिळवायचे आकडे ३४. एकूण किल्ल्या ५४४.

लिहिणं झालं. उलट वाचायचं कसं? ८ वजा करणं सोपं, पण बाक्यांच्या या जगात ५ने भागायचं म्हणजे काय? ज्या आकड्यानं ५ला गुणल्यावर बाकी १ उरेल, तो शोधायचा. ३४ला ५ने भागलं की बाकी ४. ५ला ४ने भागलं की बाकी १. आता आल्या वाटेनं परत चढा: १ = ५ − ४, आणि ४ = ३४ − ६ × ५; म्हणून १ = ७ × ५ − ३४. उलटा गुणक ७. ग (२) मधून ८ गेले, −६, म्हणजे २८; २८ × ७ = १९६, बाकी २६. र परत आला.

भागत भागत आकडे बारीक करण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटानं ती ४९९च्या सुमारास ग्रहगणितासाठी दिली. पुढे तिला ‘कुट्टक’, म्हणजे कुटून चूर्ण करणारा, हे नाव पडलं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवानं मठ काढला; त्याबद्दलचा १२०७चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला सापडला.

पण किल्ली घडवणारा हाच कुट्टक चोरालाही तितकाच उपयोगी. कोणती अक्षरं वारंवार येतात ते मोजून गुप्तलेखन फोडता येतं, हे बगदादच्या अल्-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. समजा, शत्रूनं अंदाज बांधला की र चा ग झाला आणि स चा ल. दोन समीकरणं मिळाली. एकातून दुसरं वजा केलं की गुणकाची पाचपट २५ येते. गुणक ५, मग मिळवलेले ८ आपसूक हाती. ५४४ किल्ल्या तपासायची गरजच नाही. दोन अक्षरांत कुलूप उघडतं.

१९७७च्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीतही गुप्त किल्ली काढायला असाच उलटा गुणक शोधतात. फरक एवढाच, की आपल्या चिठ्ठीतला ३४ कुणालाही बोटांवर मोजता येतो. तिथं ज्या आकड्यानं भागून उलटा गुणक काढायचा, तोच झाकलेला असतो. तो मिळवायला दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार फोडावा लागतो, आणि ते झाल्याशिवाय कुट्टकाला कुटायला काही मिळतच नाही.