पद, खुर्ची आणि पाण्याचा माठ : परक्या कार्यालयातील नेतृत्व

नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. भीमराव रामजी आंबेडकर. शिक्षण कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे झालेले. प्राध्यापकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचा एक माठ होता. त्या माठातून त्यांनी पाणी घेण्याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. वर्गात मात्र वेगळे घडत होते. सुरुवातीला उदासीन असलेले विद्यार्थी हळूहळू त्यांच्या व्याख्यानांकडे ओढले गेले आणि पुढे इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून बसू लागले.

या पाठात तुम्हाला एक प्रश्न समजून घ्यायचा आहे. ज्या कार्यालयात बहुतेक सर्व माणसे वरचढ समाजाची आहेत, तिथे वंचित समाजातील व्यक्ती अधिकारपदावर आली की नेमके काय अडते? अमेरिकेत हा प्रश्न गोऱ्यांच्या कंपन्यांतील कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या संदर्भात विचारला जातो. आपल्याकडे तो जातीच्या संदर्भात विचारावा लागतो. ही सांगड आजची नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता.

बडोद्याचा अनुभव

सिडनहॅमच्या एक वर्ष आधीची गोष्ट याहून कठोर आहे. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेले होते आणि करारानुसार संस्थानची नोकरी करणे त्यांना बंधनकारक होते. 1917 मध्ये ते महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवार अधिकारी म्हणून दाखल झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड त्यांच्या बाजूने होते. म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा पाठिंबा पक्का होता. तरीही शिपाई कागदपत्रे हातात न देता लांबून टेबलावर टाकत आणि कार्यालयात प्यायला पाणी मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी वसतिगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. त्यानंतर ते मुंबईला परतले.

इथे थांबून शिपायाचा विचार करा. हुद्द्याने तो सर्वांत खालचा, पण फाइल कशी द्यायची हे त्याच्या हातात होते. पदाची ऑर्डर वरून येते. ती अमलात येते ती मात्र खालच्या आणि बरोबरीच्या माणसांच्या रोजच्या सहकार्याने: फाइल वेळेवर येणे, बैठकीचा निरोप मिळणे, सांगितलेले काम होणे. इतर अधिकाऱ्यांना हे सहकार्य न मागता मिळते, त्यामुळे त्याची किंमतही त्यांना कळत नाही. ज्याला ते मिळत नाही त्याचे काम रेंगाळते, आणि मग ‘यांना कार्यालय चालवता येत नाही’ असा शेरा लिहिला जातो. सहकार्य नाकारणाऱ्यांची नोंद कुठेच होत नाही.

अभ्यासकांनी दिलेल्या संकल्पना

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 च्या त्यांच्या पुस्तकात एका मोठ्या कंपनीचा अभ्यास मांडला. एखाद्या गटाचे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांपर्यंतच असेल, तर त्या गटातील व्यक्तीकडे ‘नमुना’ म्हणून पाहिले जाते. तिच्यावर सर्वांची नजर असते. तिची चूक तिच्या सगळ्या समाजाची ठरते, यश मात्र अपवाद ठरते. कँटर यांचे निरीक्षण स्त्रियांविषयी होते, पण ते वंशाला आणि जातीलाही बरेचसे लागू पडते.

दुसरी संकल्पना ‘काचेचा कडा’. मिशेल रायन आणि अॅलेक्स हॅस्लम यांनी 2005 मध्ये ती मांडली. संस्था अडचणीत असतानाच स्त्रियांना वरच्या पदावर बसवण्याकडे कल असतो, म्हणजे घसरण्याची शक्यता आधीच जास्त. 2013 मध्ये अॅलिसन कुक आणि क्रिस्टी ग्लास यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षकांविषयी असेच दाखवले: अल्पसंख्याक प्रशिक्षकांना हरणारे संघ मिळण्याची शक्यता अधिक होती.

वंश आणि जात यांत एक फरक मात्र लक्षात ठेवा. रंग पाहताच दिसतो, जात विचारून काढली जाते. ‘आडनाव काय?’, ‘मूळ गाव कोणतं?’ हे प्रश्न शहरातल्या कार्यालयात अगदी सहज विचारले जातात. त्यामुळे सांगावे की लपवावे हे एक जादा ओझे दलित अधिकाऱ्यावर पडते. बडोद्याला आंबेडकरांनी ते अकरा दिवस वाहिले.

ग्रामपंचायत हेही कार्यालयच

73 व्या घटनादुरुस्तीनंतर (अंमल 24 एप्रिल 1993 पासून) अनुच्छेद 243घ नुसार अध्यक्षपदेही राखीव झाली. नेमणुकीऐवजी निवडणूक आली, पण अडचण ओळखीचीच राहिली. तमिळनाडूचे उदाहरण घेऊ. चेन्नईहून पूर्व किनारा रस्त्याने दक्षिणेला निघालात की कोवलम लागते. समुद्रात लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पर्यटकांसाठी ते प्रसिद्ध, पण कारभाराच्या दृष्टीने तीही एक ग्रामपंचायत. हाच रस्ता पुढे पुदुच्चेरी ओलांडून कडलूर जिल्ह्यात जातो. त्या जिल्ह्यातील तेर्कु तिट्टै पंचायतीचा एक फोटो ऑक्टोबर 2020 मध्ये देशभर पाहिला गेला. बैठकीत इतर सदस्य खुर्च्यांवर आणि अनुसूचित जातीच्या अध्यक्षा जमिनीवर. अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील आत्तुपाक्कम येथे दलित अध्यक्षांना झेंडा फडकावू दिला नाही. बातमी झाल्यावर काही दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांनी तो फडकावला.

खुर्ची आणि झेंडा निदान दिसतात. न दिसणारा अडथळा पैशाचा. तमिळनाडूत पंचायतीच्या चेकवर अध्यक्षाबरोबर उपाध्यक्षाचीही सही लागते. अध्यक्षपद राखीव असले तरी उपाध्यक्ष बहुधा वरचढ जातीचा निवडला जातो. त्याने सही रोखली की पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती थांबते आणि गावाचा राग अध्यक्षावर निघतो. महाराष्ट्रात ही जोडी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची). दप्तर आणि शिक्का कोणाकडे असतो, हे तिथे विचारून पाहण्यासारखे आहे.

मदुरै जिल्ह्यात पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम येथे तर राखीव अध्यक्षपद 1996 ते 2006 अशी दहा वर्षे नीट चालूच दिले गेले नाही. मेलवळवु येथे निवडून आलेले अध्यक्ष मुरुगेसन यांची 1997 मध्ये हत्या झाली. अपमान आणि हिंसा यांच्यात फार अंतर नसते, हे ज्या गावांना ठाऊक आहे तिथे जमिनीवर बसणाऱ्या अध्यक्षांना ‘उठून खुर्चीवर का बसला नाहीत?’ असे विचारणे सोपे, पण अन्यायाचे आहे.

कायदा आता काय म्हणतो? अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली केलेली दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. तिच्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या पंचायत सदस्याला किंवा अध्यक्षाला नेहमीचे काम करण्यापासून रोखणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम 3(1)(एम). तरतूद उपयोगी आहे, पण तिला तक्रारदार लागतो, आणि तक्रारदाराला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर बैठक घ्यायची असते.

शिवाय अडथळा नेहमी बेकायदा वाटेनेच येतो असे नाही. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंच सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात अशी तक्रार झाली आणि त्यांना अपात्र ठरवण्यात आले. कागदोपत्री सगळे नियमात. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि महिला सरपंच गावकऱ्यांना पचली नाही, याकडे लक्ष वेधले.

स्वाध्याय

तुमच्या गावच्या किंवा जवळच्या ग्रामपंचायतीत एका बैठकीला जा. सरपंचांचे नाव फलकावरून टिपून घ्या. मग पाहा: मधल्या खुर्चीवर कोण बसले आहे, चहा आधी कोणाला दिला जातो, ग्रामपंचायत अधिकारी प्रश्न कोणाकडे पाहून विचारतात आणि पंचायतीच्या फलकावरचा मोबाइल नंबर लावला तर फोन कोण उचलतो. निष्कर्ष लिहिण्याची घाई करू नका. दोन पानांत फक्त निरीक्षणे लिहून आणा.