चित्राखालचं चित्र : मारी-आन लॅव्हाझिए

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अडीच मीटरहून उंच असं एक चित्र आहे. काळ्या कपड्यांतला एक पुरुष टेबलाशी बसून लिहितोय. लिहिता लिहिता मान वर करून तो शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघतोय. पांढरा झगा, निळा कमरपट्टा, त्याच्या खांद्यावर टेकलेला हात आणि नजर थेट आपल्याकडे. भोवती काचेची उपकरणं.

पुरुष तुमच्या ओळखीचा आहे. शाळेत द्रव्य अक्षय्यतेच्या नियमासोबत ज्याचं नाव घोकलं, तो अंत्वान लॅव्हाझिए. पण मग ही बाई कोण? फक्त ‘शास्त्रज्ञाची बायको’?

मारी-आन पोल्झचं १७७१ मध्ये लग्न झालं तेव्हा ती १३ वर्षांची होती आणि तो २८ चा. पुढे ती नवऱ्याच्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवू लागली. अंत्वानला इंग्रजी येत नव्हतं, तिने ते शिकून घेतलं. त्या काळी पदार्थ जळताना त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी बाहेर पडतं, असं मानत. या मताची बाजू घेणाऱ्या रिचर्ड कर्वनच्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर १७८८ मध्ये आलं, ते तिने केलेलं. लॅव्हाझिए आणि त्याच्या साथीदारांनी त्यातच टिपा जोडून कर्वनचे मुद्दे खोडले. म्हणजे विरोधकाचं म्हणणं आधी नीट मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं!

चित्रही त्याच वर्षीचं. ते काढणारा जाक-लुई डाव्हिद हा तिचा चित्रकलेचा शिक्षक. १७८९ मध्ये लॅव्हाझिएचं रसायनशास्त्राचं गाजलेलं पुस्तक आलं, त्यातल्या उपकरणांच्या १३ आकृत्या तिच्या हातच्या आहेत आणि त्यांवर तिची सही आहे. वाचून तोच प्रयोग दुसऱ्याला करून बघायचा असेल, तर अशा अचूक आकृत्यांशिवाय कसं जमणार?

आता गंमत बघा. म्युझियमच्या तज्ज्ञांनी अलीकडे हे चित्र साफ करताना इन्फ्रारेड आणि क्ष-किरणांनी तपासलं. कोणत्या जागी कोणतं मूलद्रव्य आहे याचा नकाशाच या क्ष-किरण तंत्रातून मिळतो. रसायनशास्त्रज्ञाचं चित्र शेवटी रसायनशास्त्रानेच वाचलं, म्हणा ना! २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. वरच्या रंगाखाली मारी-आनच्या डोक्यावर फिती-फुलांनी सजवलेली मोठी टोपी होती. टेबल नक्षीदार, श्रीमंती थाटाचं होतं. आणि उपकरणं? ती पहिल्या आवृत्तीत नव्हतीच!

लॅव्हाझिए हा सरकारसाठी करवसुली करणाऱ्या धनिक मंडळींपैकी एक. आधीचं चित्र त्या ऐटबाज, पैसेवाल्या जोडप्याचं होतं. नंतर त्याचं ‘विज्ञानाला वाहून घेतलेलं जोडपं’ झालं. व्यक्तिचित्र म्हणजे काही फोटो नव्हे. ‘आम्हाला असं ओळखा’ हे सांगायची ती एक रीत असते.

ही नवी ओळख मात्र कामी आली नाही. लोकांचा करवसुली करणाऱ्यांवर राग होता. १७८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र मांडलं गेलं नाही. ८ मे १७९४ रोजी लॅव्हाझिए आणि मारी-आनचे वडील, दोघांचाही एकाच दिवशी गिलोटीनवर शिरच्छेद झाला. ज्या राजवटीत हे घडलं, तिच्यात डाव्हिद मोठ्या पदावर होता. मारी-आनलाही तुरुंगवास घडला. सुटल्यावर तिने नवऱ्याचं अपुरं राहिलेलं लिखाण छापून आणलं. १८३६ मध्ये ती वारली, तोपर्यंत हे चित्र तिच्याकडेच होतं.

पुन्हा एकदा चित्र बघा. पीस त्याच्या हातात आहे, तिच्या हातात कुठलंही साधन नाही. तिचं काम शोधायचं तर डावीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बघावं लागतं. तिथे खुर्चीवर चित्रांची एक फाइल ठेवलीय, ती तिची.

तिने स्वतः मात्र स्वतःला वेगळं दाखवलंय. श्वसनाच्या प्रयोगांची तिने काढलेली दोन रेखाचित्रं आहेत. त्यांत प्रयोग चालू आहे आणि एका बाजूला टेबलाशी बसून एक बाई नोंदी करतेय. ती बाई म्हणजे मारी-आन. इथे लेखणी तिच्या हातात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी म्युझियममध्ये एखाद्या बाईचं चित्र दिसलं की चेहऱ्यावरच थांबू नका. तिच्या हातात काय दिलंय ते बघा, आणि काय दिलं नाही तेही!